बाकावरची मोकळी जागा

“ओलं आहे,” मागून कुणीतरी म्हणालं. तोवर तिचं बोट भिंतीला लागलं होतं.

ती दचकली नाही. लाकडी सामानाला पॉलिश करणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या मुलीला हे शब्द नवे नव्हते. लहानपणी पाठीत बसलेल्या निम्म्या धपाट्यांच्या आधी हेच दोन शब्द आलेले होते. तिनं बोट वर करून पाहिलं. टोकाला विटकरी रंग, पातळ, खडूसारखा.

“ओलं आहे म्हणूनच लावलं,” ती म्हणाली. “सुकल्यावर काय, कुणीही हात लावतं.”

मागं उभा असलेला माणूस हसला नाही, पण हसू आवरल्याचं दिसलं. बाह्या कोपरापर्यंत वर, कानावर चुन्याचा ठिपका, आणि रंगाचा डबा बोटांत न धरता मनगटात अडकवलेला. डब्याची ही तऱ्हा तिच्या लक्षात आली, अर्थ मात्र पुढं बऱ्याच दिवसांनी कळला.

“तेवढा रंग परत करावा लागेल,” तो म्हणाला. “माझा आहे.”

“करते की. आधी भिंतीवरचा ठसा मला परत द्या. तो माझा आहे.”

तो ठसा तिला परत मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पुन्हा तिथून गेली – रस्ता तोच होता, असं तिनं स्वतःला सांगितलं – तेव्हा भिंतीवर एक शिंपी बसलेला होता, अंगात विटकरी सदरा, आणि सदऱ्याच्या वरच्या बटणाच्या जागी तिच्या बोटाचा ठसा. भोवती फक्त एक बारीक गोल काढला होता. गोल जरासा थरथरलेला होता.

भिंत होती बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची. दोन गल्ल्या पलीकडं तिच्या मामाचा पॉलिशचा कारखाना, जिथं ती खुर्च्या घासायची, लॅकर मारायची आणि मामाची बोलणी खायची. तो माणूस एकेकाळी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. छापील फ्लेक्स आले आणि हातानं काढलेल्या अक्षराला कुणी कुत्रं विचारेना, तेव्हापासून तो मिळेल ते काम करी आणि उरलेल्या वेळात कुणी न सांगता भिंती रंगवी. गल्ली त्याला ‘पेंटर’ म्हणायची. तीही तेच म्हणू लागली. तो तिला ‘पॉलिश’ म्हणायचा. अहो-जाहो काही दिवस टिकलं, मग जुन्या पॉलिशसारखं आपोआप निघून गेलं.

सुट्टीत तो तिला शहर दाखवायला न्यायचा. जन्मापासून त्याच शहरात राहिलेल्या मुलीला शहर दाखवायचं म्हणजे आगाऊपणाच, पण तिनं खरोखरच ते पाहिलेलं नव्हतं. उड्डाणपुलाखालच्या खांबांवर स्प्रेनं लिहिलेली फुगीर अक्षरं होती, लग्नाच्या फोटोत एकमेकींना रेटणाऱ्या आत्यांसारखी दाटीवाटीनं उभी. तिनं तक्रार केली की एक अक्षर लागत नाही. तो म्हणाला, वाचू नकोस, आधी चाल बघ. कुठं हात धावलाय, कुठं धापा टाकतोय. ती बघत राहिली आणि तिला एका ‘ह’च्या शेपटीत खरोखर धाप दिसली.

विजेच्या पेट्यांवर एक काळी मांजर होती, पुठ्ठ्याच्या एकाच साच्यातून शहरभर उमटवलेली. साचा झिजत गेला तसा मांजरीचा डावा कान आखूड होत गेला. कानावरून कुठली आधीची, कुठली नंतरची हे ओळखायचा दोघांनी खेळच केला. आणि बंद शटरच्या तळाशी, निळ्या खडूनं, एकाच वळणदार हातानं लिहिलेलं असायचं – ‘जेवलास का?’

“कुणाची तरी आई असणार,” ती म्हणाली.

“किंवा कुणाचा तरी मुलगा. आई गेलेला.”

त्याचं हे असंच होतं. थट्टा चालू असताना मधेच एखादं वाक्य तो असं टाकायचा, की पायाखाली पायरी नसल्यासारखं व्हायचं.

पुलाखाली स्प्रेनं लिहिणाऱ्या मंडळींचा कायदाही त्यानंच तिला सांगितला. दुसऱ्याच्या कामावर काम करायचं तर त्याहून सरस करायचं. ते जमणार नसेल तर हात खिशात. आणि जे काम पुरं झालेलं नाही, त्याला तर बोटही लावायचं नाही.

“मी लावलं होतं,” ती म्हणाली.

“म्हणून तर तू अडकलीस.”

मामाच्या नजरेतून काही सुटत नसे. भाची हल्ली डबा तसाच परत आणते, भिंती खाऊन पोट भरतं वाटतं, असं तो गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा. ती ओठ मिटून खुर्चीचा पाय घासत राहायची. कान मात्र लाल.

कारखान्याच्या भिंतीवर एक लांबलचक बाक आकाराला येत होतं. त्यावर गल्लीतली माणसं, अगदी खऱ्या मापाची. शिंपी झाला, कुलूपवाला झाला, त्याची बायको झाली – जिला सगळे वहिनी म्हणायचे आणि चित्रात आपलं पोट मोठं दाखवलं म्हणून जिनं चार दिवस अबोला धरला – मग निवृत्त मास्तर. मास्तरांच्या शेजारी, शेवटी, एक माणूस मावेल एवढी जागा. तिथं नुसती फळी रंगवलेली होती. दिवस गेले तरी ती मोकळीच.

याच सुमारास तिला मनगटातल्या डब्याचा अर्थ कळला. वर्षानुवर्षं त्यानं थिनरनं हात धुतले होते, उघड्या हातांनी, जसे त्या धंद्यात सगळेच धुतात. आता बोटांना स्पर्श कळेनासा झाला होता. ब्रश हातात आहे की गळून पडलाय, हे बघून ठरवावं लागायचं. चांगले दिवस कमी होत चालले होते. त्यानं हे हवापाणी सांगावं तसं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला की ही भिंत शेवटची.

तिनं त्याचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच.

“हे कळतंय?”

“दिसतंय,” तो म्हणाला. “दिसतंय तेवढं पुरे.”

तिला ते पुरलं नाही. आणि मोकळ्या जागेबद्दल विचारायचं नाही असं ठरवूनही तिनं विचारलंच.

“तिथं कोण बसणार?”

“येईल कुणीतरी.”

“ओळखीचं?”

तो भिंतीकडं बघत राहिला. “चेहरा जमत नाही अजून.”

वहिनींकडून तिनं काढून घेतलं होतं की पूर्वी पेंटरच्या आयुष्यात एक शिक्षिका होती, ती दुसऱ्या गावी निघून गेली. वहिनींना याहून जास्त माहीत नव्हतं, पण जळायला एवढी काडी पुष्कळ झाली. गेलेल्या बाईचा चेहरा आठवून काढणं अवघडच असणार, असा तिनं हिशेब लावला. हिशेब पक्का वाटला.

मग तो तपासण्यांसाठी बहिणीच्या गावी गेला. तिथं मोठं हॉस्पिटल होतं. जाताना म्हणाला, चारपाच दिवसांत येतो, आल्यावर एक चांगला दिवस मिळाला तर बाक पुरं करीन. आभाळ भरून येत होतं. चुन्यातले ते कच्चे रंग, आणि समोरून येणारा पाऊस. तिला खुर्ची घासता घासता भिंतच दिसायला लागली. त्याचा शेवटचा शिंपी, शेवटचे मास्तर, गटारातून वाहत चाललेले.

लाकडाच्या धंद्यात एक गोष्ट आईच्या दुधाबरोबर मिळते: पाणी बाहेरून येतं. बाहेरची वाट बंद केली की वस्तू वाचली. रविवारी गल्ली बंद होती. भर दुपारी ती लॅकरचा डबा, रुंद ब्रश आणि बारीक पॉलिशपेपर घेऊन गेली. स्टुलावर चढून तिनं दोन हात मारले, मधे सुकू दिलं, आणि मग इतकं हलक्या हातानं घासलं की चमक उरली नाही. लावलंय हे कळता कामा नये, तरच ते काम, हे मामाचं शिक्षण. पुलाखालचा कायदा तिला आठवला. पण पारदर्शक लॅकर म्हणजे काही रंग नव्हे, असं तिनं मनाला समजावलं, आणि मन अशा वेळी लगेच समजतं.

मोकळ्या जागेपाशी मात्र तिचा ब्रश थांबला. त्या शिक्षिकेसाठी कशाला जपायचं? तिची जागा भिजू दे. फळीचा तेवढा चौकोन तिनं कोरडा सोडला.

तो परतला त्या दिवशी पाऊस सुरू होता. त्यानं भिंतीवरून हात फिरवला. बोटांना काही कळलं नाही, डोळ्यांनाही नाही. तिचं काम तेवढं चोख होतं. हॉस्पिटलात काय म्हणाले, हे तिनं विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली.

पाणी बाहेरून आलं नाही. ते आतून आलं. बर्फाच्या कारखान्याची ती भिंत वर्षानुवर्षं ओल पिऊन बसली होती आणि चुन्यातून थोडी थोडी बाहेर सोडत होती. आता ती वाट बंद झाली. आधी मास्तरांच्या गालावर फोड आले. मग वहिनींच्या पदरावर. मग शिंप्याचा अख्खा खांदा पोपडा होऊन सुटला. ती रोज सकाळी कामावर जायच्या आधी झाडू घेऊन यायची, पडलेलं गोळा करून न्यायची. गल्लीला वाटलं, केवढी माया. तिला स्वतःचीच शिसारी यायची.

पेंटर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो समोरच्या ओट्यावर बसून बघत राहायचा. पुलाखालची मंडळी त्याच्याकडं आली होती. त्यांना भिंती तयार करायला, चुना-रंग जुळवायला शिकवणारं कुणीतरी हवं होतं. हात नकोत, नजर हवी, असं ती मंडळी म्हणाली होती. त्यानं नाही म्हणून सांगितलं.

“का?” तिनं विचारलं. ती त्याच्या शेजारी बसली होती. पाऊस उघडला होता, पागोळ्या तेवढ्या गळत होत्या.

“हात गेला ते पटलं होतं, पॉलिश. वाटलं, डोकं शाबूत आहे. पण ही भिंत मीच तयार केली. इतक्या वर्षांत माझा चुना कधी सुटला नाही.” तो शांतपणे बोलत होता. “आता मलाच माहीत नाही मला काय येतं. दुसऱ्याला काय शिकवू?”

ती गप्प राहिली. गप्प राहिली तर तो तिचा होता, शेजारी बसलेला, दिवसेंदिवस मोडत चाललेला.

“एक कळत नाही,” तो म्हणाला. “तेवढी फळी कशी टिकली? त्याच बादलीतला चुना. त्याच दिवशीचा.”

बाकावर आता कुणीच उरलं नव्हतं. शेवटचा रिकामा चौकोन तेवढा ताजा, जणू आत्ताच पुसून ठेवलेला.

तिनं पिशवीतून रुमाल काढला, त्यातला पोपडा त्याच्या तळहातावर ठेवला. विटकरी सदऱ्याचा तुकडा. वरचं बटण. एवढाच तिच्याच्यानं टाकवला नव्हता.

“वाकव,” ती म्हणाली.

त्यानं वाकवला. पोपडा दुमडला, मोडला नाही. त्यानं तो उजेडाकडं धरला. चुना वाकत नाही. हे त्याला सांगायची गरज नव्हती.

“किती हात?”

“दोन.”

“मॅट?”

“नाही. घासून चमक काढली.”

“मला कळलंच नाही.” मग, “काम चांगलं केलंस.”

ते ऐकून ती रडली. इतके दिवस आलं नव्हतं तेवढं रडू एकदम आलं.

“म्हणजे भिंत मी बिघडवली नव्हती,” तो स्वतःशीच म्हणाला. आवाजात सुटका होती, आणि त्या सुटकेत तिला जागा नव्हती. “आणि ते? ते का सोडलंस?”

“मला वाटलं… ती दुसऱ्या कुणाची जागा आहे. तिला मी का जपू?”

तो तिच्याकडं वळला.

“बटण झालं त्या दिवसापासून तुझी होती. चेहऱ्याला बारीक रेघ लागते. तेवढा चांगला दिवस मिळत नव्हता.”

तो उठला, खिशातून कोळशाचा तुकडा काढला आणि तिला म्हणाला, बस तिथं. भिंतीच्या पायथ्याशी दगडी कठडा होता. ती बसली, पाठ बरोबर मोकळ्या फळीला. हलू नकोस, तो म्हणाला. त्यानं तिच्या कडेनं भिंतीवर रेघ ओढायला घेतली, कानाच्या खालून. मान, मग खांद्याचा उतार. त्याचा श्वास तिच्या गालाला लागत होता. कोळसा पडला. तिनं उचलून दिला. पुन्हा पडला, पुन्हा दिला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा तिनं वाकून उचलला आणि हात पुढं केला, पण त्यानं हात पुढं केला नाही.

“उद्या पुलाखाली जाईन,” तो म्हणाला. “त्यांना हो सांगतो. तेवढं तू परत दिलंस.”

“आणि मी?”

“राग नाही गं. खरंच नाही. पण तुझ्याकडं बघितलं की मला भिंत दिसते. ते थांबायला किती दिवस लागतील, ठाऊक नाही.”

“थांबेल?”

त्यानं खोटं बोलायचा प्रयत्न केला, हे तिला दिसलं. जमलं नाही. पोपडा त्यानं रुमालात गुंडाळला, वरच्या खिशात ठेवला आणि गल्लीच्या टोकाकडं चालू लागला. डबा मनगटात नव्हता, तरी हात तसाच वाकवलेला.

पुलाखालच्या नव्या भिंती पुढं शहरात नावाजल्या. ती कधी त्या बघायला गेली नाही. कामावर जाताना मात्र ती बर्फाच्या कारखान्यावरूनच जाते. रस्ता तोच आहे. रिकाम्या फळीवर कोळशाचा अर्धा खांदा आहे, दर पावसात थोडा फिकट होणारा. शेड बांधून घेऊ का, असं मामानं एकदा आपण होऊन विचारलं. ती नको म्हणाली. काम पुरं झालेलं नव्हतं. तिनं हात खिशात ठेवले.