दत्तोपंतांची ‘काळी’

सोनईतल्या मुळ्यांच्या दारात दुमडून टाकलेल्या ओलसर गोणपाटावर वाल्मिकने बूट घासले. कडेला ओळीने पडलेली भोकं पाहून ‘उंदीर फार दिसतात’ असंही म्हणाला. आत नीलांबरी रडून थकली होती आणि आता नुसती चिडली होती.

"बाबांचं शेवटचं चित्र चोरीला गेलं. उद्या संग्रहालयाची माणसं न्यायला येणार आहेत."

मनवा निसळ ही नगरची खासगी गुप्तहेर. वाल्मिक तिचा मदतनीस. गाडी उत्तम चालवतो आणि समोरचा सांगेल ते खरं मानतो.

देवदेवता, राजे आणि कमळं सोडून नुसते मातीचे पट्टे रंगवणारे दत्तोपंत मुळे हे या भागातले पहिलेच चित्रकार. जिवंतपणी गाव त्यांना हसलं. आता पुण्यात त्यांचं पहिलं प्रदर्शन ठरलं होतं आणि मधल्या भिंतीवर त्यांचं हे शेवटचं चित्र, ‘काळी’, लागायचं होतं. तेवढ्या एका भिंतीसाठी त्यांच्या मुलीने निम्मं आयुष्य अर्ज करण्यात घालवलं होतं.

खोलीत लाकडी चौकट जागेवर होती, त्यावर ताणलेलं चित्र नव्हतं. खिडकीत वाटीभर खिळे. एकही वाकडा नाही.

"चोर ब्लेडने कापून नेतो," मनवा म्हणाली. "हा फार टापटिपीचा."

सुतार असेल, असं वाल्मिकने ठरवून टाकलं.

घट बसायचे म्हणून घर धुवायला काढलं होतं. जाळ्या काढताना धूळ बसू नये म्हणून नीलांबरीनेच चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि ती चुलतभाऊ सुहासच्या गाडीतून नेवाशाला गेली. संध्याकाळी परतली तर रिकामी चौकट.

सुहासला या सगळ्याचं हसूच येत होतं. काका गोणपाटावर वावरातली माती आणि गेरू डिंकाच्या पाण्यात कालवून फासायचे, नाही जमलं की धुऊन त्याच गोणपाटावर पुन्हा. असला माल चोरणार कोण?

दुसरी किल्ली शेजारच्या गोरक्षकडे. त्याचा राग जुना होता.

"लई माती न्हेली आमच्या वावरातली. पन चित्र कशाला चोरू, ताई? मला माती पायजे तर वावर हाय की."

नीलांबरीची आई वेणूताई अंगणात गोधड्या उलटत होत्या. काल दिवसभर त्या इथेच धुणं धूत होत्या. कुणी आलं नव्हतं.

"चित्राला हात लावलात, काकू?"

"त्यांच्या चित्राला मी कशाला हात लावू?"

दुपार उलटली. वाल्मिकने गोरक्षवर संशय घेतला, मग सुहासवर, मग पुन्हा गोरक्षवर. मनवा त्याच्यावर खेकसली आणि पायरीवर जाऊन बसली. बराच वेळ ती दारातच पाहत राहिली. मग तिने सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"खिळे जपून काढले, कारण ते पुन्हा वापरायची सवय आहे. ही सवय बाहेरच्याची नव्हे. सुहासराव, न जमलेलं चित्र धुवायचं कोण?"

"काकूच. दुसरं कोण?"

"आणि कुठलं धुवायचं हे कसं कळायचं, काकू?"

"त्यात काय कळायचंय? ते उलटं करून ठेवायचे, तोंड भिंतीकडे. मी खिळे काढायचे, भिजत घालायचे. उलटं ठेवलं की ते चित्र नव्हे, नुसतं गोणपाट."

नीलांबरी उठली आणि पुन्हा बसली.

"वाल्मिक, तुझ्या उंदरांनी कुरतडलेलं पायपुसणं आण."

गोणपाट उलगडलं. चारी कडांना खिळ्यांची भोकं. मधोमध वाल्मिकच्या बुटाचा ठसा.

"चोर नाहीच," मनवा म्हणाली. तिचा आवाज वैतागलेला होता. "तुम्ही जपायला म्हणून उलटं केलंत. यांना तो हुकूम वाटला."

"आई, समोरून एकदा पाहायचंस तरी."

"धुवायचं ते मी पाहतच नाही," वेणूताई म्हणाल्या. "पाहिलं की धुववत नसे. एकदा पाहिलं आणि तसंच ठेवलं, तर रात्रभर ओरडले. आणि आता परत रंगवणारं कोण आहे? म्हणून दारात टाकलं."

असल्या चित्रांत कुणाला काय कळतंय, हेच लावावं, असं वाल्मिक पुटपुटला.

नीलांबरीने खिळ्यांची वाटी आणली. एकेक खिळा ठोकत तिने ते गोणपाट चौकटीवर ताणलं आणि दिसायला नको म्हणून भिंतीकडे फिरवायला लागली.

"तोंड इकडे कर ग," वेणूताई म्हणाल्या. "उलटं दिसलं की माझे हात राहत नाहीत."