तिसऱ्या आणि चौथ्या गाण्यामधली जागा

पंचवीस वर्षं झाली म्हणून एका इंग्रज बँडचा अल्बम कंपनीने नव्याने काढला. सीडीवर, आवाज साफ करून, सोबत जाडजूड पुस्तिका. १९९८ची गोष्ट. औरंगाबादच्या दुकानात ती सीडी दिसली आणि मला आधी रागच आला. पुस्तिकेत लिहिलं होतं की या अल्बमने जगभरचे गिटारवाले घडवले. घडवले असतील. जालन्यातल्या आमच्या घरात त्याने एकालाच वेड लावलं, माझ्या थोरल्या भावाला, गिरिधरला. आणि त्याचा आवाज आमच्या वडिलांनी, अण्णांनी, पुसून टाकला. तरी मी सीडी घेतली.

१९८३ साली गिरीचा मित्र देवानंद या अल्बमची रेकॉर्ड एका दिवसापुरती घेऊन आला होता. जोडायला वायर नव्हती. मग तेव्हा सगळे करायचे तेच गिरीने केलं. रेकॉर्ड प्लेयरच्या स्पीकरसमोर टेप ठेवला, कोरी कॅसेट घातली आणि घरादाराला गप्प बसवलं. तरी तिसरं गाणं संपून चौथं सुरू व्हायच्या आत माझ्या हातून ताट पडलं. "तारे, हळू! भरून राह्यलो ना!" असं तो ओरडला आणि तेही कॅसेटमध्ये भरलं गेलं. पुढच्या वर्षी जाफराबादच्या रस्त्यावर जीप उलटली आणि तो गेला. त्याचा आवाज म्हणून आमच्याकडे तेवढंच उरलं.

त्याच कॅसेटवर अण्णांनी सत्यनारायणाची पूजा भरली. गुरुजी मिळेनात म्हणून शेजारच्या दुर्गाबाईंची पूजेची कॅसेट आणून तिच्यावरून. जाब विचारला तर म्हणाले, "चुकून झालं." कसलं चुकून! वरून कुणी काही भरू नये म्हणून गिरीने कॅसेटच्या मागचे प्लास्टिकचे तुकडे तोडून ठेवले होते. त्या भोकांत कागदाचे बोळे कोंबल्याशिवाय काही भरताच येत नाही. ते बोळे मी डोळ्यांनी पाहिले होते. तेव्हापासून हा राग मी खाऊपिऊ घालून वाढवला.

दुपारी घरी सीडी लावली. आवाज खरंच लख्ख होता. गिरीच्या कॅसेटमध्ये कधी ऐकू न आलेली गिटारही त्यात होती. तिसरं गाणं संपलं.

ताट पडलं.

"तारे, हळू! भरून राह्यलो ना!"

मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. ताटं जागेवर होती. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मी बँकेत हिशेब तपासणारी बाई आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. देवानंदनेही हीच सीडी घेतली होती. त्याला फोन केला, तर त्याने त्याची सीडी लावून ती जागा फोनवरच ऐकवली.

"काहीच न्हाई तिथं, तारा. बिलकुल शांत हाय," तो म्हणाला.

म्हणजे गिरी फक्त माझ्याच सीडीत होता. मला रडू यायला हवं होतं. पण आला तो रागच. अण्णांना आतून हाक मारली, खुर्चीवर बसवलं आणि सीडी लावली.

तिसरं गाणं संपलं. ताट पडलं. गिरी बोलला.

अण्णांनी डोळे मिटून घेतले. त्यांना बरोबर ऐकू आलं होतं.

"बोळे कोंबून पुसलंत तुम्ही त्याला!" मी ओरडले. "का?"

अण्णांचे ओठ हललेसुद्धा नाहीत. चौथं गाणं सुरू झालं, तसे ते उठले आणि भिंतीला धरत आत जाऊन पडले.

संध्याकाळी मी एकटीनेच पुन्हा लावली. तिसरं गाणं संपलं.

ताट पडलं नाही. गिरी बोलला नाही.

"बोळे कोंबून पुसलंत तुम्ही त्याला! का?"

माझाच आवाज. चिरका, किळस येईल असा. गिरीच्या वरून मीच भरलं होतं.

हात बटणाकडे गेला. पण चौथं गाणं सुरू होईना. आतल्या खोलीत अण्णांचं घोरणं चालू होतं.

आणि सीडीतून अण्णा सावकाश म्हणाले, "पुसल्यावर बी बोलायचा तो. पूजेच्या मधी. म्हणून तर दर पौर्णिमेला नव्यानं भरत गेलो."