नटावरची पिवळी रेघ

हे खरं घडलंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. गेल्या रविवारपर्यंत मीही हसलो असतो.

दुपारचे तीन वाजले होते. गॅरेज बंद, शटर अर्धं खाली. आत मी एकटा आणि दादाची मोटरसायकल.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, सात वर्षांपूर्वी याच गाडीवर गेला. उतारावर गियर खाली येईना, समोर ट्रक... पुढचं सांगवत नाही. तेव्हापासून गाडी कोपऱ्यात झाकून ठेवलेली. आता त्याच्या मुलीला, चिमीला, नोकरी लागली. "मला बाबांचीच गाडी हवी," म्हणून हटूनच बसली. सोमवारपासून ती हिच्यावरून कामाला जाणार होती.

बाकी गाडी तयार होती. राहिला होता गियरचा रॉड. पायाखालच्या पॅडलपासून गियरबॉक्सपर्यंत जाणारी वीतभर सळई, दोन्ही टोकांना एकेक नट. नट ढिला राहिला की रॉड निखळतो. मग पाय कितीही आपटा, गियर बदलत नाही.

आमच्याकडे दादानेच घालून दिलेली पद्धत आहे. नट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. "आधी पाना, मग रंग," हे तो दिवसातून दहादा बजावायचा. डोकं उठायचं.

मी दोन्ही नट आवळले. रेघा ओढल्या. हात धुवायला मागे गेलो.

खट...

पॅडलचा आवाज.

गाडी स्टँडवर, किल्ली माझ्या खिशात. उंदीर असेल, म्हटलं. उंदीर गियर कसा टाकेल, हे तेव्हा सुचलंच नाही.

येऊन बघतो तर... मागच्या नटावरची रेघ गायब.

पुन्हा ओढली. या वेळी जागचा हललो नाही. फक्त रंगाच्या डब्याचं झाकण लावायला वळलो.

खट... खट...

दादा असंच करायचा. नट तपासताना अंगठ्याने पॅडल दोनदा वर-खाली.

रेघ पुन्हा नव्हती. माझ्या खिशातल्या फडक्यावर ओला पिवळा डाग होता. मी ते फडकं बाहेर काढलंच नव्हतं.

नटाला हात लावला... दोन बोटांनी फिरला. आवळला होता हो मी! जीव खाऊन आवळला होता.

तेवढ्यात चिमी शटरखालून वाकून आत आली.

"काका, किती घामाघूम झालायस! झाली का गाडी?" ती रॉडपाशी उकिडवी बसली. "याला रेघ नाही?"

"ओढतोय."

तिने रॉडवरून बोट फिरवलं.

"बाबांच्या वेळी होती ना रे? आई सांगते, रॉड सुटला होता, पण नटावर रेघ होती. म्हणजे तू आवळला होतास. आपटल्यावर सुटला असणार."

"हो," मी म्हणालो.

खट...

आमच्या डोळ्यांदेखत पॅडल खाली गेलं.

"हे काय?" चिमी दचकून मागे सरकली.

"स्प्रिंग गेलीय," मी काहीतरी ठोकून दिलं. "गाडी आज नाही मिळणार." ती फुगून निघून गेली.

आता खरं सांगतो. सात वर्षांपूर्वी मी रेघ आधी ओढली होती. गिऱ्हाईक आलं, म्हटलं, आवळू नंतर. दादाने रेघ बघितली आणि गाडी काढली. पुढे सगळ्यांनीच ती रेघ बघितली, म्हणून मला कुणी काही विचारलं नाही.

आज शुक्रवार. रोज नवा नट घालतो, आवळतो. सकाळी ढिला. चिमी वैतागलीय. उद्या ती गाडी आहे तशी घेऊन जाणार आहे, माझं ऐकायला तयार नाही.

मी खूप घाबरलोय. आजवर हे कुणालाच सांगितलं नव्हतं. चिमीला सांगायचं धाडस नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं. वाटलं, एवढ्याने भागेल.

एवढं लिहून आत्ताच खाली गॅरेजात जाऊन आलो. नटाला हात लावला...

दोन बोटांनी फिरला.