दोन ठोक्यांचं उत्तर

बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय मीच जोडलाय आणि तो काही नीट जमलेला नाही. या पोत्यावर बसा. लाईट तासाभरात येईल, तोवर कंदील आहे. तुमच्या वडिलांच्या ट्रॅक्टरचं इंजिन उद्या उजेडात उघडू. आता पंप सोडवायला घेतला आणि एखादी स्प्रिंग अंधारात पडली, तर दोघंही जन्मभर शोधत बसू.

तुम्ही मघाशी म्हणालात की फाटकातून ‘विरूपाक्षप्पा’ अशी हाक मारली, मागून ठोकल्याचा आवाज आला, मी काम करतोय असं वाटलं म्हणून थेट मागच्या अंगणात गेलात. तुमची काही चूक नाही. पण पुढच्या वेळी नावानं हाक मारू नका. मिस्त्री म्हणा, मामा म्हणा. नाहीतर सरळ आत या आणि खांद्याला हात लावा. रागावू नका, कारण सांगतो. कंदिलाची वात थोडी वर करा.

शहाऐंशी सालचा उन्हाळा. लातूर जिल्हा होऊन चार वर्षं होत आली होती, तरी आमच्या मुरुडात निम्म्या पाट्यांवर अजून उस्मानाबादच होतं. दोन वर्षं पाऊस नव्हता. विहिरींचे तळ दिसत होते आणि बाया भांडी घेऊन रस्त्याच्या कडेला टँकरची वाट बघत बसत. नव्या जिल्हा कचेरीला टँकर हवे होते आणि टँकर कुठंच नव्हते. मी म्हटलं, मी बनवतो. हे माझं वेडच. लोकांनी टाकून दिलेलं इंजिन माझ्या अंगणात पुन्हा धूर सोडायला लागलं की मला जो आनंद व्हायचा, तो लग्नातसुद्धा झाला नव्हता. हे मी गुरम्माला, माझ्या बायकोला, तोंडावर सांगायचो. ती म्हणायची, “मग त्या इंजिनालाच भाकरी मागा.”

पुढं लांब बोनेटची, नाकवाली जुनी ट्रकगाडी माझ्याकडे होती. सहा महिने खपून ती मी चालू केली होती. हवी होती टाकी. ती उदगीरला सापडली, मडिवाळप्पा नावाच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या घरामागं. बहात्तरच्या दुष्काळात तो हीच टाकी घेऊन गावोगाव पाणी वाटायचा. त्यानंतर चौदा वर्षं ती बाभळीखाली पडून होती. त्यानं घासाघीस केलीच नाही. टाकी गाडीवर चढेपर्यंत तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी निघताना मात्र माझं मनगट धरलं.

“तम्मा, हिच्यात माणूस उतरवशील, तवा भाईरून ठोकू नगं. नावानं हाक मार. नाव घिऊनच.”

“का हो?”

“उन्हात पत्रा लई वाजतो. कळत न्हाई... कोन हाय, कोन न्हाई.”

म्हातारपणात माणूस काहीही बोलतो, असं म्हणून मी हसलो. मला तेव्हा माझ्या हातांची फार घमेंड होती.

आता टाकी आतून कशी असते ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पाणी हिंदकळून गाडी उलटू नये म्हणून आत दोन आडवे पत्रे असतात. म्हणजे तीन खण. प्रत्येक पत्र्याला खाली एक भोक, माणूस सरपटत जाईल एवढं. वरचं झाकण फक्त पुढच्या खणावर. मधल्या खणात उजेड थोडा येतो, मागच्यात हातसुद्धा दिसत नाही.

दोन दिवसांनी कचेरीचे साहेब गाडी बघायला येणार होते आणि मागच्या खणातला गंज खरवडायचा राहिला होता. म्हणून वैशाखातल्या भर दुपारी मी आत उतरलो. आत माणूस असला की बाहेर दुसरं कुणीतरी हवंच, हा आमच्या कामातला नियम. बंद टाकीतला गंज हवेतला जीव खातो. माणसाला गुंगी येते, तो पडतो, आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. त्या दिवशी बाहेर गुरम्मा होती. शेजारचे किशनराव त्यांच्या ओट्यावर झोपले होते.

गुरम्माला मी मडिवाळप्पाचं सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला.

“अगं बाई! मी न्हाई नाव घेत. लग्नात घेतलं तेवढं बास झालं.”

तिच्या आईनं तिला शिकवलं होतं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. आमच्या पिढीतल्या कुठल्याच बाईनं ते घेतलं नसतं. मीही हट्ट केला नाही. खरं सांगायचं तर, तिनं अंगणात उभं राहून ‘विरूपाक्ष’ म्हणून ओरडलेलं मलाही लाजिरवाणं वाटलं असतं. मग मीच ठरवलं. तिनं थोड्या थोड्या वेळानं पान्यानं टाकीवर दोन ठोके द्यायचे. मी आतून हातोडीनं दोन द्यायचे. माझं उत्तर आलं नाही, तर किशनरावांना उठवायचं आणि कमरेच्या दोरीनं मला ओढायचं. किती सोपं!

आत उकाडा असा होता की घाम डोळ्यांत उतरून आग होत होती. दुसऱ्या पत्र्याच्या भोकाशी दोरी सारखी अडकायला लागली, म्हणून मी ती सोडून तिथंच ठेवली. ही माझी चूक. मागच्या खणात मी बसून गंज खरवडला. बाहेरून दोन ठोके येत, मी दोन देत होतो. तेवढ्यात मनात आलं, आमच्या लिंगायतांत माणसाला बसवूनच माती देतात. असा विचार कामात यायला नको होता. डोकं हलकं व्हायला लागलं होतं. मी परत फिरलो.

भोकातून एक हात पुढं काढला, डोकं काढलं, खांदे निघाले. आणि बरगड्यांशी अडकलो. दुसरा हात हातोडीसकट मागंच, मांडीला चिकटलेला. पुढं सरकता येईना, मागं येईना. श्वास सोडला की पत्रा आणखी आवळायचा. पोटाची कातडी भाजत होती. ओरडायला गेलो, पण छातीत हवाच नव्हती. तोंडातून नुसता घोगरा फुसका आवाज निघाला.

तेवढ्यात बाहेरून दोन ठोके आले.

मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू. हातोडी मला उचलता येत नव्हती, पण आता त्याची गरजच नव्हती. उत्तर गेलं नाही की गुरम्मा धावणार, किशनराव येणार. मी डोळे मिटले आणि गप्प पडून राहिलो.

आणि उत्तर गेलं.

दोन ठोके. माझ्या मागून. ज्या खणातून मी नुकताच निघालो होतो, तिथून.

पत्रा वाजला असेल, असं मी स्वतःला म्हणालो. ऊन होतंच. थोड्या वेळानं बाहेरून पुन्हा दोन ठोके आले. आणि मागून पुन्हा दोन... सावकाश, मोजून, अगदी मी देत होतो तसे. बाहेर गुरम्मा काहीतरी गुणगुणत होती. तिचं काम नीट चाललं होतं. नवरा आत आहे, उत्तर देतोय.

मी भ्यालो. माझी हातोडी माझ्याच हातात होती, घट्ट. प्रत्येक उत्तरासरशी माझी सुटका लांब जात होती, आणि ते थांबवायला माझ्याकडे आवाज नव्हता. मग वास आला. चौदा वर्षं कोरड्या पडलेल्या, उन्हात तापलेल्या त्या टाकीत विहिरीच्या पाण्याचा वास. शेवाळाचा, गार. मी मागं राहिलेला पाय हलवून बघितला. जिथं पत्रा चटका देत होता, तिथं माझ्या तळव्याला काहीतरी ओलं आणि थंड लागलं. तो गुडघा होता. मांडी घालून बसलेल्या माणसाचा.

पुढचं मला तुटक आठवतं. ठोके, उत्तर. ठोके, उत्तर. मला एवढंच कळत होतं, की ही बाई आता संध्याकाळपर्यंत अशीच निवांत बसेल आणि मी तिच्यापासून दोन हातांवर मरेन.

बाहेर काय झालं ते तिनं नंतर सांगितलं. चुलीवरची भाकरी उलटायला ती पान्याला हात न लावता घरात गेली. परत येते तोवर टाकीतून दोन ठोके आले. तिनं ठोकलंच नव्हतं. ती घाबरली. झाकणाशी चढून म्हणाली, “अवो...” आतून दोन ठोके. “बरं हाय न्हवं?” दोन ठोके. “अवो, तोंडानं बोला की...” दोन ठोके.

तेव्हा तिला मडिवाळप्पाचं बोलणं आठवलं. झाकणात तोंड घालून, डोळे मिटून, ती जन्मात पहिल्यांदा ओरडली.

“विरूपाक्षाऽऽ!”

मी ते ऐकलं. टाकीभर घुमलं. आणि माझ्यामागं सगळं एकदम गप्प झालं. ठोका नाही, काही नाही. ‘अवो’ला ओ देणाऱ्याला हे नाव आपलं नव्हतं, हे कळत होतं.

त्या शांततेनं तिला समजलं. तिच्या बोंबेनं अख्खी गल्ली जागी झाली. किशनराव आत उतरले, भोकाच्या कडेला जळकं ऑइल ओतलं आणि पुढचा हात धरून मला ओढून काढलं. बरगड्यांवरचा व्रण अजून आहे, दाखवतो हवं तर. गुरम्मा मला धरून रडली आणि लगेच स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. “मी नाव घेतलं... मी नाव घेतलं तुमचं.”

चालता यायला लागलं तसा मी उदगीरला गेलो. मडिवाळप्पा उंबऱ्यातच बसला होता. मी काही विचारायच्या आत त्यानं मान खाली घातली.

“धुवायला उतरला व्हता, तम्मा. रोजंदारीचा मानूस. पानी भरायच्या आदी मी दोन ठोके दिले. आतून दोन आले... मला वाटलं, पत्रा वाजला उन्हानं. मी नळी सोडली.”

“नाव काय होतं त्याचं?”

त्यानं बोटानं उंबऱ्यावरची धूळ पुसली.

“तेच तर. मी इचारलंच न्हवतं. नाव ठाव असतं, तर हाक मारली असती न्हवं?”

गाडीवर मी दुसरी टाकी बसवली, ‘जि. लातूर’ असं ठळक रंगवलं, आणि तो टँकर पुढं दोन उन्हाळे चालला. ही टाकी मात्र मागच्या अंगणात उतरवून ठेवली. भंगारात दिली असती, तर कुणीतरी तिला पुन्हा जोडलं असतं. माझ्यासारखे वेडे कमी नाहीत. मी आमच्या पुरोहितांना, जंगमांना, बोलावलं. त्या माणसाची जात माहीत नव्हती, गाव माहीत नव्हतं. आमच्या पद्धतीनं विभूती, बेलपान वाहिलं आणि टाकी काठोकाठ मातीनं भरली. बसलेल्या माणसाला द्यावी तशी माती दिली. झाकण वेल्डिंगनं बंद केलं. मला वाटलं, सुटला बिचारा. मीही सुटलो.

आठ दिवसांनी पोस्टमन आला. फाटकातून माझं नाव घेऊन ओरडला. मी घरात जेवत होतो. ओ द्यायला तोंड उघडतो, तोच मागून दोन ठोके आले.

गुरम्माच्या हातातलं ताट खाली पडलं. “मीच दिलं त्येला नाव,” ती म्हणाली. मरेपर्यंत हेच म्हणत राहिली. त्याच्याकडे नाव नव्हतं. तिनं झाकणात तोंड घालून एक त्याला देऊन टाकलं, मला वाचवायला. तिचा काय दोष? माझी लाज आड आली नसती, तर तिनं सुरुवातीपासूनच नाव घेतलं असतं, ठोकलंच नसतं.

मुलगी पुण्याला बोलावते. मी जात नाही. मी नसताना कुणी फाटकात येईल, माझं नाव घेईल, उत्तर ऐकेल आणि मिस्त्री घरात आहेत समजून मागं जाईल. आज तुम्ही गेलात तसं. तुम्ही आलात तेव्हा मी कंदिलाला रॉकेल आणायला गेलो होतो. परत येऊन बघतो तर तुम्ही टाकीला पाठ टेकवून उभे. म्हणून तर हात धरून आधी इथं आणलं. आणि मातीनं ठासलेली टाकी ठोकली तर नुसता थप्प आवाज येतो, सकाळी ठोकून बघा. तुम्ही ऐकलेला आवाज घुमत होता, असं म्हणालात ना?

पोस्टमन आला त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. कुणी नाव घेतलं की श्वास न घेता ओ देतो. त्याच्या आधी. म्हणून नाव अजून माझं आहे, आणि मीही अजून आहे.

एक विचारायचं राहिलं. फाटकातून हाक मारताना तुम्ही फक्त माझं नाव घेतलंत, की कोण आलंय तेही ओरडून सांगितलंत?

नावासकट?

...

बरं. घाबरू नका. मी आता तुमचं नाव घेतो, अगदी हळू. तुम्ही लगेच ओ द्यायची. अजिबात वेळ लावायचा नाही. झालं तयार?

ज्ञानोबा...

अहो, ओ द्या. ते ठोके मलाही ऐकू आले. तुम्ही ओ द्या आधी!