न लागलेलं बटण

"लागलं! भाऊजी, लागलं हो!"

वहिनी एवढ्या मोठ्याने ओरडली की टॉवेल वाळत घालणारी मदतनीस मावशी ओल्या हातांनीच धावत आली. पलंगाला टेकून बसलेल्या धाकट्या दिराने शर्टाचं शेवटचं बटण स्वतःच्या बोटांनी लावलं होतं! दुकानांच्या पाट्या रंगवता रंगवता तो परांचीवरून पडला, कमरेखालचं अंग कायमचं गेलं, बोटांतली ताकद गेली... आणि त्याच लुळ्या बोटांना वहिनीने रोज संध्याकाळी समोर बसून, गोंजारून, रागावून काजात बटण घालायला शिकवलं होतं. तिच्या डोळ्यांतून आनंदाश्रू ओघळत होते, आणि त्याच्या हृदयात कित्येक वर्षांनी अभिमान नावाची वस्तू हलली होती.

हे पाहायला दादा घरात नव्हता. तो छापखान्यातून रजा घेऊन, मदतनीस पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरवायला येणाऱ्या नगरपालिकेच्या तपासनीस मॅडमना गल्लीच्या तोंडाशी आणायला गेला होता, जणू मॅडमना दारच सापडलं नसतं! सख्खा भाऊ, पण धाकट्याला तो 'राजेसाहेब' म्हणायचा, आणि ते काही कौतुकाने नव्हे. "राजेसाहेबांचं लोळून झालं का?" असं जेवताना विचारायचा, आणि धाकटा तो घास तसाच गिळायचा.

मावशी काम उरकून गेल्यावर दादाच्या मागोमाग मॅडम आल्या. खुर्ची रुमालाने पुसून, जमेल तेवढ्या कडेवर टेकल्या. अपंगांसाठी सरकार वरून पैसा सोडतं म्हणे, आणि ही नगरपालिका तो इतक्या मायेने जपते की गरजवंताच्या हाताला त्याचा वासही लागू नये! मदतनीस द्यायचा म्हटलं की तिजोरीत खडखडाट. 'स्वावलंबन सप्ताहा'चे फलक आणि साहेबांचं चहापाणी मात्र कधी अडल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

"काय काय जमत नाही ते पटापट सांगा," हातातल्या टॅबवरून नजर न उचलता मॅडम म्हणाल्या.

आणि वहिनीने, त्या भाबड्या, सरळ बाईने, आनंदाच्या भरात सांगून टाकलं, "मॅडम, आज सगळी बटणं लावली हो यांनी! एकट्याने!"

मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली. "अरे वा! म्हणजे हात चालतात. मग मदतनीस बंद! ज्यांचे हात चालतात त्यांना द्यायचा नाही, वरून आदेश आहेत."

"अहो, पण आंघोळ? यांना उचलून खुर्चीत कोण बसवणार?"

"घरची माणसं कशाला असतात? तुम्ही आहात की."

तुम्ही आहात की! काय ती अक्कल! बटण लागलं म्हणजे माणूस आंघोळ करणार, जिना उतरणार, उद्या विमानसुद्धा चालवणार!

वहिनीचा चेहरा पार उतरला. धाकट्याने तो पाहिला. तो पडल्यापासून ही बाई या दोन खोल्यांत कोंडली गेली होती. सकाळची मदतनीस मिळाली तेव्हा कुठे ती चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात जाऊ लागली, आणि घरी येताना गुणगुणू लागली. आता मावशी बंद झाली तर ती चकार शब्द न काढता नोकरी सोडेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"दाखवा बरं लावून," मॅडम म्हणाल्या.

वहिनीने त्याची बटणं काढली. त्याने बटण धरलं, काजापर्यंत नेलं... आणि मुद्दाम सोडलं. पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं. तोंड वेडंवाकडं केलं, हनुवटीवर लाळ येऊ दिली. एकेकाळी ज्याच्या अक्षराला लोक थांबून बघायचे, तो त्या टॅबवालीसमोर हात नुसते फडफडवत राहिला!

"बाई, सरकारी कामात खोटं सांगू नये," मॅडमनी वहिनीला झापलं. वर्षभरासाठी मदतनीस चालू ठेवल्याचं सांगितलं, आणि कुणालाही हात न लावता हात पुसत त्या चालत्या झाल्या.

"माझंच चुकलं, घाई केली मी," म्हणत वहिनी तोंड फिरवून आत गेली.

दादा उसळला. "झालं समाधान? इतके महिने ती तुझ्यापुढे मरमर राबली, आणि राजेसाहेबांना एक बटण लागेना! परक्या बाईसमोर तिला खोटारडी ठरवलंस!" दार आपटून तो बाहेर पडला.

धाकटा एकटा उरला. सकाळी खरंच जमलं होतं, की तो नुसता भास होता? न राहवून त्याने बटण धरलं. लागलं. दुसरंही लागलं... तेवढ्यात, विसरलेला चष्मा न्यायला आलेला दादा दारातच थिजला.

"अरे... मग मगाशी का नाही...?"

"लावलं असतं तर वहिनी उद्यापासून घरात, दादा." धाकटा म्हणाला. "तिला सांगू नकोस. तिला खोटं बोलता येत नाही. पुढच्या वर्षी त्या बाईला पुन्हा सगळं खरं सांगून बसेल."

"म्हणजे तू कायमचं असंच...?"

"हो."

दादा मटकन पलंगाशी बसला. त्या रांगड्या माणसाला हुंदका आवरेना! "काय काय बोललो रे मी तुला..."

"बोललास खरा," धाकटा म्हणाला. "आता पुरे कर."

आतून पावलं वाजली. दादाने घाईघाईने लागलेली बटणं काढली आणि पहिल्यापासून स्वतः लावायला घेतली. खांद्याला पिशवी अडकवून आलेली वहिनी बघतच राहिली. त्याने कधी भावाला बोट लावलेलं तिने पाहिलं नव्हतं!

"सरका, मी लावते."

"तू जा कामावर, उशीर झालाय. भाऊ आहे माझा, लावीन मी."

धाकट्याने दोन्ही हात मांडीवर निर्जीव पडू दिले. वहिनीने डोळे पुसले, चपला घातल्या, आणि दारातून वळून हसली.

"भाऊजी, मन लहान करू नका हं! संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून शिकू."

दादाची बोटं बटणावर थबकली.

"हो वहिनी," धाकटा म्हणाला, "शिकू पुन्हा."