ग्रंथालयातली एक मिनिट शांतता

सोमवारी सकाळी पावणेनऊला ग्रंथपालबाईंनी कपाट उघडलं, हार्डडिस्क काढून संगणकाला जोडली. डिस्क रिकामी होती. शाळेच्या मुलांनी दोन महिने खपून केलेली फिल्म, तिचं सगळं शूटिंग, कुणीतरी पार पुसून टाकलं होतं.

शालेय व्हिडिओ स्पर्धेची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचला संपत होती.

बाईंनी रजिस्टर ओढलं. डिस्क कुणी नेली, कधी परत केली, याची नोंद त्या स्वतः करून घेत. शेवटची सही शुक्रवारची होती. तीनला नेली, चारला परत. सही चूपताईची.

चूपताई म्हणजे नववीतली मुलगी, फिल्मच्या आवाजाचं काम तिच्याकडे. शूटिंगच्या खोलीत शिरली की ती पंखा बंद करायची, खिडक्या लावायची आणि काम संपलं की सगळ्यांना जागच्या जागी उभं करून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी, असं तिचं म्हणणं. फिल्म कापली की आवाजात फटी पडतात, त्या त्याच खोलीच्या शांततेनं भराव्या लागतात. ही शांतता ती स्वतःच्या छोट्या रेकॉर्डरवर ठेवायची आणि रेकॉर्डर दप्तरात. सारखी सगळ्यांना चूप करते म्हणून वर्गानं तिचं नावच चूपताई पाडलं होतं.

साडेदहापर्यंत मुख्याध्यापकांचा निकाल तयार. मुलगी शुक्रवारी संगणकाच्या सरांशी भांडली होती, हे तिसऱ्या मजल्यानं ऐकलं होतं. रागाच्या भरात तिनंच डिस्क पुसली. तिचं नाव संघातून काढायचं, दहावी होईपर्यंत कुठल्याही स्पर्धेत घ्यायचं नाही, आणि पालकांना पत्र. पत्र टाईप होऊन टेबलावर सहीसाठी पडलंही होतं. नशीब, सर म्हणाले, त्यांच्या लॅपटॉपवर मुलांनी गुरुवारी दिलेली कॉपी होती. थोडी छोटी आवृत्ती, मुलांनीच करून पाहिलेली. आपण हातही लावलेला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. सांगणं भागच होतं. शूटिंगपासून जोडणीपर्यंत सगळं मुलांनीच करायचं, मोठ्यांचा हात लागला की फिल्म बाद, असा स्पर्धेचा नियम होता. अशी कुठलीही छोटी आवृत्ती आम्ही केलीच नाही, असं कॅमेरा धरणारा मुलगा म्हणाला, पण तो मैत्रिणीची बाजू घेतोय म्हणून त्याला गप्प बसवलं गेलं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक तर कपाट त्यांचं. त्यातून चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची ही घाई त्यांना सहन होईना. त्यांनी चार वाजेपर्यंतचा वेळ मागितला आणि मुख्याध्यापकांनी तो कपाळाला आठ्या घालून दिला.

चूपताई ग्रंथालयात दोन कपाटांच्या मध्ये बसली होती. रडत नव्हती. दात आवळून बसली होती.

"शुक्रवारी डिस्क कशाला नेलीस?" बाईंनी विचारलं.

"सरांनी मागवली होती. त्यांनी फिल्म बघितली आणि म्हणाले, मावशींचा तो भाग कापा."

फिल्म शाळेच्या मावशींवर होती. अठ्ठावीस वर्षं शाळा झाडणाऱ्या, घंटा देणाऱ्या मावशींवर. याच ग्रंथालयात मुलांनी त्यांना विचारलं होतं, लहानपणी तुम्हाला काय व्हायचं होतं? मावशी चाळीस सेकंद गप्प बसल्या होत्या. मग म्हणाल्या होत्या, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. सरांचं म्हणणं, चाळीस सेकंदांत परीक्षक घोरायला लागतील.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, तुम्ही कापलंत तर ती आमची राहणार नाही. मी स्पर्धेवाल्यांना सांगेन. आणि हो बाई, ओरडूनच म्हटलं."

"इथलं शूटिंग कधी झालं?"

"सगळं बुधवारी. परत इथे कॅमेरा लावलाच नाही."

"आणि डिस्क परत ठेवल्यावर?"

"तुम्हीच कुलूप लावलंत."

ते खरं होतं. एक किल्ली बाईंच्या पर्समध्ये. दुसरी कार्यालयातल्या खिळ्यावर, कुणीही काढावी अशी. शनिवार-रविवार शाळेला सुट्टी.

एवढ्यात दाराबाहेर घर्र सुरू झालं आणि बाईंनी हातातलं रजिस्टर आपटलं. पाण्याचा नवा कूलर. शुक्रवारी शाळा सुटल्यावर कामगारांनी तो नेमका ग्रंथालयाच्या दाराला चिकटवून बसवला होता, आणि सकाळपासून बाईंनी त्याच्याविरुद्ध दोन अर्ज लिहिले होते. तीन मिनिटं घरघरायचं, मग टक् करून थांबायचं, की पुन्हा सुरू. पुस्तकं वाचायची जागा की पिठाची गिरणी, असं त्या येईल त्याला विचारत होत्या.

तिथून त्या तिसऱ्या मजल्यावर संगणकाच्या खोलीत गेल्या. सर हसतमुख होते.

"गुरुवारनंतर ही फिल्म उघडलीत?"

"नाही."

"शनिवारी शाळेत आला होतात?"

"सुट्टीच्या दिवशी मी कशाला येतो? बाई, उगाच साप साप म्हणून भुई धोपटू नका. मुलगी तापट आहे, एवढंच." मग त्यांनी आपणहून पेनड्राइव्ह पुढे केला. "बघा तरी. काय जमलीय!"

हात न लावलेल्या फिल्मचं एवढं कौतुक, असं मनात म्हणत बाई खाली आल्या आणि कानांना हेडफोन लावून बसल्या. चाळीस सेकंदांचे चार उरले होते. मावशी कपाटांमधून झाडत जातात, त्या दृश्यावर आधी मुलांचं निवेदन होतं. ते काढून टाकलं होतं, नुसता खोलीचा आवाज उरला होता. ते दृश्य बाईंनी तीनदा ऐकलं. मग हेडफोन काढून दाराकडे बघत राहिल्या.

चारला मुख्याध्यापकांच्या खोलीत सगळे जमले. सर, चूपताई, कॅमेरावाला मुलगा, आणि बाईंनी मुद्दाम बोलावलेल्या मावशी दाराशी उभ्या. बाईंनी झाडण्याचं दृश्य लावलं, आवाज वाढवला.

"सर, तुम्ही यातले जाणकार. हा मागे आवाज कसला?"

सरांनी मान तिरकी करून ऐकलं. "कूलर. ग्रंथालयाबाहेरचा. शूटिंगच्या वेळी बंद करायला नको? मी तेच म्हणतोय, या मुलीचं कामात लक्ष नव्हतं."

"ग्रंथालयातलं शूटिंग बुधवारी झालं. तुमची कॉपी गुरुवारची. बरोबर?"

"बरोबर."

"कूलर शुक्रवारी शाळा सुटल्यावर बसला. पोचपावतीवर सही माझी आहे."

सरांनी मावशींकडे बघितलं. मावशींनी मान हलवली. कामगारांना पाणी त्यांनीच दिलं होतं.

बाईंनी चूपताईचा रेकॉर्डर टेबलावर ठेवून बुधवारची शांतता ऐकवली. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, बाकी काही नाही.

"आता मी सांगते," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी डिस्क हातात आली तेव्हा तुम्ही सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलंत. घरी बसून कापलंत. फटी पडल्या. त्या भरायला ग्रंथालयाची शांतता हवी, आणि ती हिच्या दप्तरात. हिच्याकडे कुठल्या तोंडानं मागणार? म्हणून शनिवारी खिळ्यावरची किल्ली घेतलीत आणि तिथे बसून स्वतः रेकॉर्ड केलीत. तिसऱ्या मजल्यावरून तुम्ही ग्रंथालयात येता कधी? तुम्हाला वाटलं, या खोलीची शांतता अशीच असते. मग जाताना डिस्क पुसलीत, म्हणजे दोन्ही फिल्म शेजारी ठेवून कुणी बघायला नको. ही तक्रार करणार होती. तिलाच चोर ठरवलं की तिच्या तक्रारीला विचारतो कोण?"

सरांनी लॅपटॉपची बॅग जवळ ओढली. "तीन वर्षं आपण पहिल्या फेरीत बाहेर पडतोय," ते म्हणाले. "मुलांसाठीच केलं मी."

"मुलांसाठी?" बाईंचा हात टेबलावर इतक्या जोरात बसला की पेनं घरंगळली. "मग पुसलंत कुणाचं? नाव कुणाचं कापलंत? चौदा वर्षांच्या पोरीच्या माथी मारून वर तिच्याच कामाला नावं ठेवलीत. लाज नाही वाटली?"

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. झालं ते वाईट झालं, पण घड्याळ पुढे चाललंय, तेव्हा आहे ती फिल्म पाठवावी, चांगली झालीय, असं त्यांनी सुचवलं.

"तिच्यावर आमची नावं नकोत," चूपताई म्हणाली.

"मग माझं तोंडही नको त्यात," मावशी दारातून म्हणाल्या.

बाईंनी पालकांना लिहिलेलं पत्र उचललं, चार तुकडे केले आणि सरांपुढे हात केला. "लॅपटॉप."

शूटिंग त्यात होतंच. पूर्ण फिल्म पुन्हा जोडायला वेळ नव्हता. मुलांनी एकच दृश्य घेतलं, कात्री न लावलेलं. प्रश्न, चाळीस सेकंद, उत्तर. फिल्म किती मोठी असावी याला नियम होता, किती छोटी याला नव्हता. सोबत 'आम्ही ही फिल्म कशी केली' हे मुलांचं निवेदन लागत होतं. ते तिथेच, मुख्याध्यापकांच्या खोलीत घ्यायचं ठरलं.

कॅमेऱ्यासमोर चूपताईनं सगळं सांगितलं. कुणी कापलं, कुणी पुसलं, नाव कुणाचं घेतलं गेलं. मुख्याध्यापक मध्ये बोलायला गेले, पण बाईंनी बघितलं तसे थांबले. सरांनी हळूच बॅग उचलली आणि दाराकडे वळले.

चूपताईनं हात वर केला. "एक मिनिट. या खोलीची शांतता घ्यायचीय. कुणी हलू नका."

मावशींनी पंखा बंद केला आणि दाराला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. सर बॅग हातात घेऊन होते तिथेच थांबले. मुख्याध्यापकांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बाईंचा राग ओसरला नव्हता. त्या मिनिटभर सरांकडे बघत राहिल्या, आणि सर फरशीकडे.

पाचला अजून अकरा मिनिटं होती. मिनिट संपलं तरी चूपताईनं हात लगेच खाली घेतला नाही.