तराफ्यावरून आलेला आवाज

तीस वर्षं झाली, एल आल्तो शहरात माझं गॅरेज आहे. नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस मी. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

नव्हता म्हणतोय.

हे माझ्याच घरच्यांच्या बाबतीत घडलंय. ऑगस्टचा दुसरा रविवार, सकाळचे दहा. लख्ख ऊन.

माझा धाकटा भाऊ रुफिनो याने कोरी करकरीत गाडी घेतली होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं. आमच्याकडे नवी गाडी आधी सरोवरापलीकडच्या कोपाकबानाच्या चर्चला नेतात. पाद्री तिच्यावर पवित्र पाणी शिंपडतो, आपण चाकांवर बिअर ओततो, मगच ती घरची होते. म्हणून आम्ही चौघं निघालो. रुफिनो, त्याची बायको एल्विरा, त्यांची सात वर्षांची सुल्मा आणि मी.

सुल्मा लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली. माझं तर लग्नच झालं नाही. घरात पोर म्हणजे ती एकच. आम्हा तिघांचाही जीव तिच्यात अडकलेला.

वाटेत टिकीना गावापाशी सरोवर ओलांडावं लागतं. गाडी लाकडी तराफ्यावरून जाते, माणसं वेगळ्या होडीतून. चालवणाऱ्याला मात्र गाडीपाशी थांबता येतं.

निघताना आईने बजावलं होतं, "आशीर्वाद न झालेली गाडी पाण्यावर एकटी सोडू नका रे. रिकामी जागा दिसली की कुणीही येऊन बसतं."

रुफिनो थांबणारच होता. मीच त्याचा हात ओढला.

"आईचं काय मनावर घेतोस! चल, पलीकडे गरमागरम मासे तळतायत. गाडी काय पळून जाणार आहे?"

माझंच चुकलं.

आम्ही आधी पोचलो. मासे खाल्ले. तराफा काठाला लागला, तसा तराफेवाला माझ्या अंगावर खेकसला.

"अक्कल आहे का? पोरीला गाडीत कोंडून गेलात! अख्खी वाट काच बडवत होती बिचारी."

सुल्मा माझं बोट धरून उभी होती...

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग गाडीच्या मागच्या काचेकडे. छातीवर क्रूस काढला आणि तो पाठ फिरवून निघून गेला.

आत कुणीच नव्हतं.

आम्ही निघालो. पाच मिनिटं झाली असतील...

टक. टक. टक.

थोडं थांबून... टक. टक.

मागच्या डाव्या दारातून.

"भाऊजी, नव्या गाडीला हे काय?" एल्विरा म्हणाली.

"एखादा स्क्रू सैल असेल," मी म्हणालो. "कारखान्यातली पोरं झोपा काढत काम करतात."

रुफिनोने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

टक. टक. टक.

टक. टक.

बंद गाडीत काय वाजणार?

चर्चसमोर पाद्र्याने पाणी शिंपडलं. आम्ही फुलांच्या माळा घातल्या, बिअर ओतली, फटाके वाजवले. फटाक्यांचा धूर विरला. लोक टाळ्या वाजवून थांबले.

त्या शांततेत... पुन्हा तेच.

पाद्र्याने आणखी पाणी मारलं. मग आमच्याकडे न बघताच पुढच्या गाडीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ती गाडी गॅरेजात घेतली. सीट उपटली. दाराचं आतलं आवरण काढलं. काच उतरवली. दाराचा नुसता पत्रा उरला. हात घालून चाचपलं. काही म्हणजे काही नाही.

आणि माझ्या नाकासमोर, त्या रिकाम्या पत्र्यातून... तीन. मग दोन.

मी पाना फेकून दिला. खरं सांगतो, रडू आलं मला. आयुष्यभर ज्या हातांवर भाकरी खाल्ली, ते हात लाकडाचे झाले होते.

सुल्मा शाळेतून थेट गॅरेजात आली होती. ती कधी जवळ येऊन उभी राहिली, मला कळलंच नाही.

"काका, ती आत घ्या म्हणतेय."

"कोण गं?"

तिने बोट वाकवून पत्र्यावर वाजवलं. तीन. मग दोन.

मी ओरडलो, "नको!" तोवर झालं होतं.

आवाज थांबला.

पूर्ण थांबला. मी तासभर कान लावून बसलो. गाडी गप्प. गाडी न्यायला आलेल्या रुफिनोने मला मिठी मारली. "दादा, तुझ्या हाताला तोड नाही!" मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आठ दिवस सुखात गेले.

नवव्या दिवशी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. रुफिनो बाहेर गेला होता. एल्विरा चुलीपाशी. सुल्मा माझ्यासमोर, दोन्ही हातांत सूपचा वाडगा धरून.

टक. टक. टक.

मी टेबलाखाली पाहिलं. तिचे पाय हलत नव्हते.

टक. टक.

मी उठून तिच्याजवळ गेलो. गुडघ्यावर बसलो. तिच्या छातीला कान लावला...

डाव्या बाजूला. आतून.

डॉक्टरांनी तीनदा तपासलं. छातीचे फोटो काढले. म्हणतात, पोर ठणठणीत आहे. त्यांना काही ऐकूच येत नाही. आम्हा तिघांना येतं.

गाडी दारात उभी आहे, अगदी गप्प. कुणी तिच्यात बसत नाही.

काल सुल्मा माझ्या मांडीवर येऊन बसली. माझे हात हातात घेतले, बोटं उलटसुलट करून बघितली आणि स्वतःच्या छातीवर ठेवली.

"काका, हिला काढाल ना तुम्ही? तुम्ही सगळं उघडता."

मी म्हणालो, "काढेन हं, बाळा."